ती उन्हाळी नव्हती

शकुंतलाअक्कांचं नाव आधी लिहितो. पुढचं लिहिताना हात थांबला, तरी एवढं तरी लिहून झालेलं असेल.

धुळ्यात, देवपूरला, त्यांची खानावळ आहे. वर पत्रे, आत थोडी बाकडी, आणि शेगडीजवळ अक्का स्वतः. मी किनवटकडचा, नववीत शाळा सोडलेला. केबलचे चर खणणाऱ्या ठेकेदाराबरोबर धुळ्याला आलो आणि तो ठेकेदार एक दिवस कुणाला न सांगता निघून गेला. मी खानावळीच्या दाराशी नुसता उभा होतो. आत जायचं धाडस नव्हतं, दुसरीकडे जायला जागा नव्हती. अक्कांनी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. "पोटमा काही शे का?" एवढंच म्हणाल्या. त्यांची बोली मला तेव्हा येत नव्हती. प्रश्न मात्र कळला.

मग मी तिथंच राहिलो. मागची खोली, दोन्ही वेळचं जेवण, आणि पडेल ते काम. मी तापलो तेव्हा कपाळावर पट्ट्या अक्कांनी ठेवल्या. आईशी फोनवर बोलून तिला धीर त्यांनी दिला. हे सगळं आधी सांगतोय, कारण अशा बाईच्या घरात मी काय केलं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

एक गोष्ट मला येते — पळता येतं. शिकलो नाही कुठं, अंगातच आहे. देवपूरच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी पळायची. एकदा सहज त्यांच्यात पळालो आणि सगळ्यांच्या पुढं निघालो. दुसऱ्या दिवशी ती मला बोलवायलाच आली. श्वास कसा धरायचा, वळणावर जोर कधी लावायचा, विचारायला लागली. हळूहळू सगळी मला "सर" म्हणू लागली. ज्याला वर्गात मास्तर नावानंसुद्धा हाक मारत नव्हते, त्याला बारावी झालेली पोरं सर म्हणतात — काय होतं अशा माणसाचं? माझं जे झालं ते चांगलं झालं नाही, एवढं सांगतो.

त्या पोरांत भूषण होता. अक्कांचा एकुलता एक. वडील लहानपणीच गेलेले. त्याला वर्दी मिळाली की अक्कांची शेगडी सुटणार, असं सगळी गल्ली बोलायची. वयात बसणारी त्याची शेवटची भरती तोंडावर आली आणि त्याला टायफॉइड झाला. उठला तेव्हा गालफडं बसलेली, पायात बळ नाही. अक्का मला म्हणाल्या, "गजू, पोरगं अजून कच्चं शे. हलकं हलकं घे." मी मान डोलावली. हो म्हणालो, अक्का, माझ्यावर सोडा.

माझ्यावर सोडा!

त्यानंतर एक दिवस पोरं मैदानावर भरतीच्या ऑनलाइन फॉर्मचं बोलत होती. कुणाचा दाखला राहिला होता, कुणाचा फोटो वर चढत नव्हता. भूषण हसत म्हणाला, "सर, तुमचापण भरून टाकू का? शिक्षण काय लिहू — नववी नापास?" मागून एकजण ओरडला, "पळण्यात पीएचडी टाक ना भो!" सगळे हसले. भूषणही हसला. त्यात विष नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. एका ताटात जेवणारं पोरगं, माझी थट्टा नाही करणार तर कुणाची करणार?

मीही हसलो. आणि म्हणालो, आज भूषणच्या बैठका. मी सांगेपर्यंत.

बाकीच्यांना पळायला पाठवलं आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. ऊन चढायला लागलं होतं. थोड्या वेळानं त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं — थांबू का, असं. मी दुसरीकडे पाहिलं. पोरं परत आली, घरी गेली, तरी मी थांब म्हणालो नाही. मग बेडूकउड्या घ्यायला लावल्या. तो पडला. म्हणालो, उठ, पोलीस व्हायचंय ना? तो उठला. त्याला थांबता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. नसतं आलं. तो मला सर म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्याला दाराची पायरी उतरता येईना, मांड्या सुजून दगड झालेल्या. आता मैदानावरची आमची एक समजूत सांगतो. अंग आखडलं की झोपायचं नाही, त्याच अंगावर पुन्हा व्यायाम काढायचा, म्हणजे ते मोकळं होतं. सगळीच पोरं असं मानायची, मीही मानायचो. विश्रांती म्हणजे आळस. पण त्या सकाळी मी त्याला पुन्हा पळवलं ते काही त्या समजुतीपायी नाही. राग अजून उतरला नव्हता. समजूत फक्त सोयीची होती.

संध्याकाळी त्याने मला मोरीजवळ गाठलं. हळू आवाजात म्हणाला, "सर, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय."

मी घाबरलो. खरं सांगतो. आणि तोंडातून निघालं, उन्हाळी लागली असेल. सबजा घे, धन्याचं पाणी घे. आईला सांगू नको, उगाच घाबरतील. उन्हाळी असती तर सांगू नको कशाला म्हणालो असतो? तो पोरगा माझं ऐकून गुपचूप सबजा पीत राहिला. पुढचा अख्खा दिवस असाच गेला. मग उलट्या सुरू झाल्या, तोंड सुजलं, लघवी जवळजवळ बंद झाली. अक्कांनी शेगडीवरची भाजी तशीच टाकली आणि आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, अंगाबाहेर व्यायाम झालाय. स्नायू फुटतात, त्यांचा मळ रक्तात उतरतो आणि किडनीत अडकतो. आजारातून उठलेल्या शरीराला आराम लागतो, हे कुणी सांगितलं नाही का? आणि लघवीचा रंग बदलला तेव्हाच का नाही आणलंत? "एवढा व्यायाम करायला कुणी लावला?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही — मला माहीत असेल, म्हणून. भूषण खाटेवर डोळे मिटून.

मी म्हणालो, मी नको म्हटलं होतं. यानेच ऐकलं नाही. भरतीच्या नादात एकट्यानेच केलं असणार.

भूषणने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याने पुन्हा डोळे मिटून घेतले.

आणि अक्का त्या आजारी पोरावर तुटून पडल्या. "गजू नको म्हने, तरी तुले काय घाई व्हती रे? तो काय तुना दुश्मन शे?" बोलता बोलता रडल्या. मग पदरानं डोळे पुसून मला म्हणाल्या, तू होतास म्हणून बरं. मी खाली बघत उभा राहिलो. जमीन फाटत वगैरे नाही. नुसतं उभं राहता येतं — चांगलं येतं.

डायलिसिस करावं लागलं. पोरगं वाचलं, किडनीही सावरली. पण कितीतरी महिने धावायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ती भरती त्याच्याशिवाय झाली. पुढच्या वेळी वय निघून गेलं होतं. आता तो खानावळीत वाढायला उभा असतो, आणि अक्का अजून शेगडीपुढं. मधून मधून त्याला ऐकवतात म्हणे — तेव्हा गजूचं ऐकलं असतंस तर!

तो ऐकून घेतो. का गप्प बसला? मला वाचवायला? की मी किती हलका माणूस आहे ते पाहून बोलावंसंच वाटलं नाही? विचारायची माझी हिंमत झाली नाही. काम मिळालं, असं सांगून मी जळगावला पळून आलो — पळता येतं ना मला. इथं डाळ मिलमध्ये पोती भरतो, मेहरूणला राहतो. तलावाभोवती सकाळी पोरं पळतात. मी त्या बाजूनं जात नाही. गेल्या दिवाळीला अक्कांचा फोन आला होता. जेवतोस ना रे वेळेवर, म्हणाल्या. हो म्हणालो. त्यांना म्हटलेल्या माझ्या सगळ्या 'हो'सारखाच.

अक्का, तुमचं मी फेडीन. काम करून नाही, काही आणून देऊनही नाही. एक दिवस देवपूरला येईन, आणि भूषणच्या समोर तुम्हाला सांगेन की तो थांबायला तयार होता, मीच थांबू दिलं नाही. त्यानंतर तुम्ही त्याला कधी बोल लावणार नाही. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते खरं तर त्याचंच आहे.