उलट्या पडद्याची फाईल

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात खुर्चीवर बसायचे मास्तर आणि काम करायची त्यांची बायको. पण टीव्ही कुणी दुरुस्त केला असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मास्तरांनी. मास्तरांची नजर हळूहळू गेली होती. आधी बारीक अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, आणि आता उरला होता नुसता उजेड आणि अंधार. गिऱ्हाइकांना कळलं तर दुकानात कुत्रंही फिरकणार नाही, म्हणून ते घरातल्या घरात गुपित राहिलं. सुरुवातीला ती फक्त सुट्या भागांवरचे नंबर वाचून दाखवायची. बघता बघता सगळीच दुरुस्ती तिच्या हातात आली. काम संपलं की ती मागे सरकायची, मास्तर गिऱ्हाइकाला दोन वजनदार शब्द ऐकवायचे आणि शाबासकी घेऊन मोकळे व्हायचे. ती मूग गिळून बसायची. मूग गिळायची सवय होते माणसाला, पण ते पचतातच असं नाही.

त्या दिवशी समोरचा सलूनवाला आपला मोठा टीव्ही घेऊन आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. बोर्ड जळाला होता, पडदा मात्र ठणठणीत. तिने युनिव्हर्सल बोर्ड बसवला. हा बोर्ड कुठल्याही टीव्हीत चालतो, पण समोर पडदा कोणता आहे हे त्याला सांगावं लागतं. ते सांगणारी फर्मवेअरची फाईल पेनड्राइव्हवरून भरायची असते. तिने पडद्यामागचा नंबर पाहिला आणि हळूच म्हणाली, "अहो, यात पडदा उलटा बसवलेला असतो. उलटीच फाईल लागेल."

गिऱ्हाइकासमोर बायको शिकवते म्हणजे काय! मास्तर खाकरले. "सरळ टाक. मी काय आज धंद्यात आलोय?"

तिने सरळ टाकली. चूक दिसत असली तरी हुकूम पाळायचा, ही त्या दुकानाची रीतच होती. चित्र आलं ते खाली डोकं वर पाय. सलूनवाला पोट धरून हसला. "मास्तर, आता गिऱ्हाइकांना उलटं टांगून दाढी करू का?"

"हिने भलतीच फाईल टाकली वाटतं," मास्तर म्हणाले.

तिचं पित्त खवळलं. शाबासकी नेलीत, नेलीत. आता तुमच्या चुकीचं खापरही माझ्याच डोक्यावर? तिने उलटी फाईल भरलेला पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकू लागला, पडदा काळा ठिक्कर. दिवा लुकलुकतोय म्हणजे फाईल भरली जातेय; तेवढ्यात वीज तोडली की बोर्ड गेलाच म्हणून समजा. पण मास्तर जुन्या काळातले. गडबड वाटली की आधी वीज बंद, हे त्यांच्या हाताला बसलेलं. आणि तो बारीकसा दिवा काही त्यांना दिसत नव्हता.

"किती वेळ झाला? आवाज नाही, काही नाही. बंद कर, जळेल!" ते उठून चाचपडत स्विचकडे निघाले. सलूनवाल्यानेही हात पुढे केला. ती स्विचच्या आडवी उभी राहिली.

"कुणी हात लावायचा नाही."

"अगं, दुकान माझं आहे!"

"असू दे. काम माझं आहे."

नंबर वाचताना चूक झाली असेल, तर या दुकानात पुन्हा तोंड उघडायची सोय उरणार नव्हती. तरी ती तसूभर हलली नाही. दिवा लुकलुकायचा थांबला. तिने पेनड्राइव्ह काढला, टीव्ही पुन्हा चालू केला आणि नव्या बोर्डासोबतचा रिमोट सलूनवाल्याच्या हातात दिला.

"सरळ आलं की!" सलूनवाला ओरडला आणि नेहमीसारखा मास्तरांकडे वळला. "वा मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही!"

मास्तरांच्या ओठांवर "त्यात काय एवढं" आलंच होतं.

"त्यांनी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "मी केलाय. इथले सगळे टीव्ही मीच करते. पटत नसेल तर दुसरं दुकान बघा."

सलूनवाल्याला हसावं की नाही कळेना. "मास्तर, वहिनी थट्टा करतायत ना?"

मास्तर चाचपडत परत खुर्चीवर बसले. म्हणाले, "थट्टा नाही रे. चित्र सरळ आलंय, हेसुद्धा मला तुझ्या तोंडून कळलं."

सलूनवाल्याने मास्तरांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं, डोकं खाजवलं आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, आवाज जरा कमी येतोय बघा."

तक्रार! आणि थेट तिच्याकडे! आनंदाने तिला रडूच यायचं बाकी होतं.

"रिमोट हातात आहे ना?" ती खेकसली. "मग वाढवा की!"