यादीतला शब्द

इंदापूरच्या आमच्या कॉलेजात इंटरनेटला फिल्टर बसवायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा परीक्षेचे फॉर्म भरणं चालू होतं. प्राचार्यांची अट एकच, नेट मिनिटभरही बंद पडता कामा नये. मी आठवडाभर नुसतं लक्ष ठेवलं, मग एकेका खोलीचं नेट फिल्टरमधून वळवलं. कुणाला पत्ताही लागला नाही. नको त्या शब्दांची यादी मीच केली, इंग्रजी आणि मराठीही. त्यातला शब्द कुणी शोधला की पडद्यावर यायचं, 'हा मजकूर अश्लील आहे. तुमची नोंद झाली आहे.' हे वाक्यही माझंच. महिनाभर एक तक्रार नाही. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

माझ्या समोर आवक-जावक बघणाऱ्या ताई बसायच्या. वालचंदनगरहून एसटीनं यायच्या, मोबाईल साधा बटणांचा. डब्यातली पहिली भाकरी मला द्यायच्या. एकदा जेवताना म्हणाल्या, "भाऊ, त्या नोंदी बघतं कोण?"

"मीच की. कोण काय चोरून बघतं, सगळं कळतं मला," मी आपला चेष्टेत बोललो. खरं तर नोंदी मी कधी उघडल्याही नव्हत्या.

ताई हसल्या नाहीत. डबा अर्धा ठेवून उठल्या. मला वाटलं, घरी काही बिनसलं असेल.

वर्षभरानं त्या रजेवर गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. छातीत गाठ होती आणि फार उशीर झाला होता.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांचे यजमान कपाटाची किल्ली द्यायला आले. चहा घेताना म्हणाले, "वरीसभर गाठ हाताला लागत हुती म्हणं. डॉक्टर म्हणले, आधी आला असता तर वाचल्या असत्या. मला न्हाय, लेकीला न्हाय, कुणालाच इचारलं न्हाय बगा तिनं."

मला ताईंचा तो नोंदींचा प्रश्न आठवला. आत जाऊन जुन्या नोंदी उघडल्या. ताईंच्या कॉम्प्युटरवरून एकाच आठवड्यात चार वेळा शोधलं होतं, 'स्तनात गाठ, दुखत नाही'. चारही वेळा अडवलेलं. चौथी वेळ आमच्या त्या जेवणाच्या आदल्या दिवशीची. गाढवा, ती बाई जिवाचं विचारत होती आणि तू तिला लाज काढून परत पाठवलंस.

बाहेर आलो. यजमान बाकावर तसेच बसले होते. सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं, "गाडी किती वाजताची तुमची?"

"तीनची हाय."

त्यांना स्टँडवर सोडून आलो आणि यादीतून तो शब्द काढला. ते मात्र आजही समजतात, तिनं कुणालाच विचारलं नाही.