मॅडमची पाटी

"हात दाखवा."

आमच्या प्रयोगशाळेचं दार ढकलून कोणीही आत येवो, शिपाई असो, सर्जन असो, नाहीतर औषधकंपनीचा टायवाला, मॅडमचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार-चमत्कार सगळं नंतर. एका बड्या सर्जनांच्या बोटात नीलम होता. मॅडम म्हणाल्या, "खडा काढा. साडेसाती टळली असेल, जंतू टळत नाहीत." ते जे गेले ते पंधरा दिवस फिरकले नाहीत, पण आले तेव्हा बोट मोकळं होतं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरात असली की घरच्यांना दम लागतो. बुटक्या, सावळ्या, सुती साडीवर पांढरा कोट, आणि पायाला भिंगरी. खुर्चीवर त्यांची पर्स बसायची, त्या नाही. डबासुद्धा उभ्यानं खायच्या, एक घास घेऊन जंतू वाढवायची बशी बघायच्या, दुसरा घास घेऊन फोन करायच्या. दारं कोपरानं उघडायच्या, नळ कोपरानं बंद करायच्या. मी नवीन असताना मला वाटलं, बाईंच्या हाताला काही लागलंय की काय.

मी तिथे तंत्रज्ञ म्हणून लागले तेव्हा ते जुनं धर्मादाय रुग्णालय होतं. मग नवं व्यवस्थापन आलं, काचेची सात मजली इमारत झाली, हिंजवडीच्या कंपन्यांची विमाकार्डं यायला लागली, आणि रिसेप्शनवरच्या मुली मराठी माणसाशीही इंग्रजीत गोड बोलायला लागल्या. जंतू मात्र जुनेच होते. ते कुठल्याही इमारतीत बोलावल्याशिवाय येतात, असं मॅडम म्हणायच्या. रुग्णालयातल्या संसर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि त्यामुळे त्यांना रात्री झोप लागत नसे, हे त्या स्वतःच सांगायच्या.

त्यांचा एक जगावेगळा छंद होता. निळ्या रंगाचं जेल भरलेल्या बशा. या बशा त्या स्वतः करत, काचसामान आम्लात धुवून, कारण त्यात लोखंडाचा कणही चालत नसे. एकदा मी स्टीलचा चमचा वापरला तर सगळी खेप मोरीत गेली. "अगं बाई, चहा करतेस का तू?"

त्यामागचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. जगायला जंतूलाही लोह लागतं. रक्तात ते भरपूर असतं, पण शरीर त्यातला कणही मोकळा सोडत नाही, सगळं बांधून ठेवतं. साधा जंतू मग उपाशी मरतो. आडदांड जंतू आकडी लावून शेजारच्या आवारातले पेरू ओढावेत तसं ते लोह ओढून घेतो. निळ्या बशीवर असा जंतू वाढला की त्याच्याभोवती नारिंगी कडं उठतं. कडं जितकं मोठं तितका तो जास्त ओढतो. "याला भूक किती आहे ते मला आधी बघू दे," मॅडम म्हणायच्या.

तर त्या वर्षी अतिदक्षता विभागात बेड चार आला. विदर्भातला, नुकता नोकरीला लागलेला संगणक अभियंता. सोलापूर रस्त्यावर ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. पहिला दिवस लोणी काळभोरकडच्या एका लहान दवाखान्यात काढून त्याला आमच्याकडे आणलं होतं. डोक्याचं ऑपरेशन उत्तम झालं. सगळे खूष. पाचव्या दिवशी ताप चढला.

लघवीचा आणि रक्ताचा नमुना माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी बशी उघडली तर द्राक्षांसारखा गोडसर वास. स्यूडोमोनास नावाचा जंतू. आम्ही औषधांच्या टिकल्या ठेवून बघतो. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती जागा मोकळी राहते. इथे जंतू प्रत्येक टिकलीला जाऊन टेकलेला. मी रिपोर्टवर 'आर' लिहीत गेले. आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. अकरा वेळा आर. निळ्या बशीवर हे एवढं नारिंगी कडं. फक्त एक जुनं औषध उरलं होतं, ते मूत्रपिंडाचं वाटोळं करतं.

"हा आपल्याकडचा आहे," मॅडम म्हणाल्या. "इथेच कुठेतरी राहतोय." त्याच आठवड्यात बेड दोन आणि बेड पाचमध्ये तोच निघाला. अकरा आर, तसंच कडं.

मग बाईंनी जे सुरू केलं त्याला मी मनातल्या मनात धाड म्हणायची. नळ, बेसिन, पलंगाचे दांडे, श्वासाच्या नळ्या, डॉक्टरांचे नवे कोरे मोबाइल, सगळीकडे ओला कापूस फिरवून नमुने. एका निवासी डॉक्टरचं स्टेथोस्कोप त्याच्या गळ्यातच पुसून घेतलं. रोज चाळीसेक बशा, आणि रोज काही नाही. त्या चार-चारदा जिना चढायच्या, कारण लिफ्टची वाट बघणं त्यांना जमत नसे. माझे पाय दुखायचे, मी चिडायची. "मॅडम, जरा बसा हो!" "तो बसलाय का कुठे?" म्हणजे जंतू.

एकदा कळलं की बेड चारचं हिमोग्लोबिन खाली गेलं म्हणून कोणी लोहाचं सलाईन लिहिलंय. मॅडम हातातली बशी तशीच ठेवून पळाल्या. मी मागून पोचले तेव्हा त्यांनी सलाईनची कळ बंद केली होती आणि त्या तरुण डॉक्टरची हजेरी घेत होत्या. तो बिचारा "मॅडम, प्रोटोकॉल..." एवढंच म्हणत होता.

बाहेर त्याची आई उभी होती. नवरा नाही, एकुलता मुलगा, अंगणवाडीत काम. दहाएक दिवस ती त्या कॉरिडॉरमध्येच राहत होती.

"मॅडमजी, माह्या पोराच्या अंगात रगत नाही म्हणते डॉक्टर. मंग लोहाचं सलाईन काहून बंद केलं तुमी?"

मॅडम एकदम निवल्या. "आई, तुमच्या घरात चोर शिरलाय. तो असताना धान्याची गाडी दारात उतरवायची का? आधी चोर बाहेर काढू. मग मी स्वतः लावीन सलाईन."

बाईला पटलं. तिने पोरासाठी बिटाचा रस आणला होता, नळीतून देता येईल या आशेनं. तो तिने मॅडमपुढे केला. "मंग तुमीच प्या. तुमच्याही अंगात नाही रगत." आणि मॅडमनी, ज्या बाहेरच्या पेल्यातलं पाणी पीत नसत, तो रस तिथेच उभ्यानं पिऊन टाकला.

सापडलं ते एका दुपारी. मॅडम विभागात उभ्या होत्या, मी नमुन्यांची टोपली धरून. एक जुन्या सिस्टर बेड चारची लघवीची नळी पुसायला आल्या. जंतुनाशकाचं पातळ केलेलं द्रावण बाटलीत पाऊणएक उरलं होतं. त्यांनी कॅनमधून नवीन द्रावण त्यातच ओतलं, बाटली भरली, कापूस भिजवला.

"अहो सिस्टर, जुन्यात कशाला ओतताय?"

सिस्टरनी मान वर न करता भिंतीकडे बोट केलं. "तुमचीच पाटी आहे, मॅडम."

पाटी होतीच. 'उरलेले द्रावण फेकू नये. त्यातच भर घालावी.' खाली मॅडमचं नाव. धर्मादायच्या काळात कॅन महिन्यातून एकदा यायचा, आणि मुली अर्ध्या बाटल्या मोरीत ओतायच्या, तेव्हा संतापून त्यांनी ती लिहिली होती. त्या पुढे विसरल्या. पण पुण्यात पाटी एकदा लागली की लागली. नव्या इमारतीत येताना व्यवस्थापनानं ती सुबक टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक विभागात चिकटवली होती. आता कॅनची ददात नव्हती, तरी सगळे शिस्तीत भर घालत होते. बाटलीचा तळ वर्षानुवर्षं कोरडा झाला नव्हता.

आम्ही बाटलीतलं द्रावण बशीवर घातलं. दुसऱ्या दिवशी द्राक्षांचा वास. अकरा आर. नारिंगी कडं.

"जंतुनाशकात जंतू?" मी म्हटलं.

"तळाला उरलेलं कमजोर होत जातं. त्यात जे मरत नाहीत ते तयार होतात." त्या बशीकडे बघत होत्या. "आपणच शाळा चालवली त्यांची. मी चालवली."

त्याच तासाला सातही मजल्यांवरच्या बाटल्या फेकल्या गेल्या. प्रश्न उरला, संसर्ग कुठून आला त्या रिपोर्टचा.

वैद्यकीय संचालकांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, मी फायली घेऊन सोबत. "मॅडम, बी प्रॅक्टिकल. तो पेशंट आधी लोणीकडे होता ना एक दिवस? जंतू तिकडून आला, बेड चारवरून बाकीच्यांना गेला. तुम्ही तो सोर्स कंट्रोल केलात. तुमचंच नाव होईल. रिपोर्ट उद्या द्या."

प्रयोगशाळेत परत आल्यावर मॅडम फेऱ्या मारायला लागल्या. सिंकपासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून सिंकपर्यंत. मला ते बघवेना. आणि खरं सांगते, आज लाज वाटते, मी म्हटलं, "मॅडम, लिहून टाका ना तसं. आला असेल तिकडूनच."

"आला असेल? काल बशी कोणी उघडली?"

"मी."

"मग?"

त्या सिंकपाशी थांबल्या. "तुला वाटतं मला नोकरीची भीती आहे. आहेच. पण ते सोड. मी खडकीच्या क्वार्टर्समधून शिकून इथे आले. वडील दारूगोळा कारखान्यात होते. आमच्या वस्तीतली पहिली एम.डी. माझी चूक माझ्या एकटीची राहणार नाही गं. उद्या म्हणतील, यांचं असंच असतं. यांचं म्हणजे कोणाचं, ते कोणी तोंडानं बोलणार नाही."

आमच्या नारायण पेठेतल्या घरात ते 'यांचं' मी लहानपणापासून ऐकत आले होते. जेवताना, सहज, वाढता वाढता. माझी मान वर होईना.

संध्याकाळी त्या घरी गेल्या. सकाळी आल्या त्या लिहूनच. संसर्गाचा उगम विभागातल्या बाटल्या, आणि बाटल्यांमध्ये भर घालण्याचं कारण माझी लेखी सूचना, असं पहिल्याच परिच्छेदात, खाली सही. संचालकांनी तो कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा इंग्रजीत ओरडले.

बेड दोन आणि बेड पाचचा ताप दोन-तीन दिवसांत उतरू लागला. बेड चारचा नाही. जुन्या औषधानं त्याची मूत्रपिंडं गेली, आणि मग एका दुपारी तोही गेला. एकोणिसावा दिवस होता.

त्याच्या आईशी कोणी काही बोलायचं नाही, असा वरून निरोप होता. मॅडम सरळ कॉरिडॉरमध्ये गेल्या आणि तिच्यासमोर फरशीवर बसल्या. होय, बसल्या. सगळं सांगितलं. अपघातातून तो वाचला होता, आमच्या बाटलीतल्या जंतूनं तो गेला, ती बाटली तशी भरायची असं मी लिहून ठेवलं होतं. एकही शब्द त्यांनी मऊ केला नाही. ही बाई आता मॅडमच्या झिंज्या धरणार, अशी मला खात्री होती.

ती मॅडमच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "त्याच्या बाजूच्या पोट्ट्याले तं नाही ना लावत आता ते पाणी?"

"नाही. सगळं फेकलं."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि मग जे तिनं रडायला सुरुवात केली ते सातव्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मॅडमही रडल्या. मी भिंतीला टेकून उभी होते.

महिन्याभरात मॅडमना 'मोकळं' केलं. निरोपसमारंभ नाही, नारळ नाही. आणि 'यांचं असंच' कॅन्टीनमध्ये दोनदा माझ्या कानावर आलं. पहिल्यांदा मी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा मी बोलणाऱ्याची अशी काही पेठी खरडपट्टी काढली की त्याचा चहा गार झाला. पण ते मॅडमच्या कानावर जायला हवं होतं, आणि त्या तिथे नव्हत्या. पुढे मीही नोकरी सोडली, रुग्णालयांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत गेले. त्यांना भेटायचं रोज ठरवायची. तोंड दाखवायचा धीर होत नव्हता.

तीन-चार वर्षांपूर्वी एक दिवस कळलं की मॅडम गेल्या. तेव्हा मात्र खडकीला गेले. बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती, माणसांची ये-जा. आत स्वयंपाकघरात एक म्हातारी एकटी बसली होती. चेहरा ओळखीचा वाटला, पण लागेना. मॅडमची मुलगी हळूच म्हणाली, "आजी दरवर्षी येतात विदर्भातून. त्यांच्या मुलाच्या दिवसाला. आठ दिवस राहतात. आई आणि त्या दोघीच बोलत बसायच्या, आम्हाला कोणालाही मध्ये येऊ द्यायच्या नाहीत."

मी आत गेले. तिनं मला ओळखलं. "तुमी त्या टोपलीवाल्या," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. मग म्हणाली, "गावात कोणी माह्या पोराचं नाव काढत नाही. मले दुख होईन म्हणून. एक हेच घर होतं. आता मी कोनासंग बोलू त्याच्याबद्दल?"

दोन आठवडे मी त्याच्या नमुन्यांच्या नळ्यांवर बेड चार, बेड चार लिहीत होते. मी तिच्याजवळ खाली बसले आणि विचारलं, "काय नाव होतं हो त्याचं?"