चौदा तळपाय

मी टेपने मोजून मगच मान्य करणारा माणूस. भुताखेतांचा विषय निघाला की सरळ उठून चहा प्यायला जातो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय…

मी मूळचा वाईचा, नोकरी सांगलीत. काम काय, तर भाड्याच्या खोल्या मोजायच्या आणि माणशी नियमाइतकी जागा आहे का ते बघायचं. कुपवाडच्या कामगारांच्या खोल्या म्हणजे तर डोक्याला ताप! गेल्या वर्षी एका खोलीत सात जण सापडले. जागा सहा जणांपुरती. मी नोटीस काढली — एक जण कमी करा. विषय संपला, असं आपलं मला वाटलं.

यंदा एप्रिलमध्ये फेरतपासणी. पुन्हा सात भरले तर खोलीला सील आणि सगळे रस्त्यावर. भर दुपारी गेलो. रात्रपाळी करून आलेले सगळे झोपलेले, माश्यांमुळे चादरी तोंडावर ओढून. तोंडं दिसेनात म्हणून पाय मोजले. चौदा!

"उठा रे सगळे!" बाहेर उन्हात रांग लावली. सहाच.

खोलीला एकच दार, खिडकीला गज. लपायला जागा नाही. पुन्हा झोपायला लावलं, पुन्हा मोजले — चौदा. अहो, इंजिनिअर माणूस मी, मला चौदापर्यंत मोजता येत नाही? तीनदा हाच तमाशा! शेवटी वैतागून एकेकाच्या तळव्याला पेन टोचत गेलो. सहा जणांनी पाय आखडले. सातव्याने नाही. हात लावला तर पाय गार. झटकन चादर ओढली… खाली नुसती चटई.

खोलीतले सगळ्यात थोरले, औंधकडचे बाबूराव, उठून बसले. "सायेब, कशाला तरास करून घेताय? दत्तू हाय त्यो."

"कोण दत्तू?"

"सातवा. तुमची नोटीस आली, तवा शेवटाला आल्याला म्हणून त्यालाच जा म्हणलं आमी. दुसरी खोली गावंना, म्हणून कारखान्याच्या शेडमागं झोपायचा. चौथ्या दिवशी ट्रक मागं घेताना डायवरला दिसला न्हाई."

मी खवळलो. "हे ऑफिसात का नाही कळवलं?"

"कळवून काय? तुमच्या फॉर्मात तसा रकाना हाय व्हय?"

"मग… मग त्याला जायला सांगा!" काय बोलून बसलो, ते माझं मलाच कळलं नाही.

बाबूराव शांतपणे म्हणाले, "एकदा आमी सांगितलं. आता तुमी सांगा."

फॉर्मवर सहा लिहिलं, सही ठोकली आणि निघालो. ऊन लागलं असेल, मोजताना चुकलो असेन, सगळी कारणं लावून पाहिली. एकही पटत नाही. राग नक्की कुणाचा येतोय तेही कळत नाही. नोटीस तर नियमाप्रमाणे बरोबरच होती! गेल्या वर्षी ती लिहायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. त्या दिवशी मात्र त्या रिकाम्या चटईकडे बघून 'जा' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.