तीन मरियांची आई

लाटणं हातात आलं की मावशी ते आधी फ्रिजवरच्या तसबिरीकडे रोखायच्या. "ही संत ॲना. येशूची आजी. तीन लग्नं केली बाईनं, तीन मुली झाल्या आणि तिघींचं नाव मरियाच!" मग तसबिरीतल्या नवरे-जावई-नातवंडांच्या घोळक्यावरून लाटणं फिरवत म्हणायच्या, "सगळी आपलीच माणसं."

मावशी वसईच्या ख्रिस्ती, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या शेजारी राहायच्या. मी पुण्याचा, म्हणजे शंकेखोर. "हे बायबलमध्ये आहे?"

"नाही. फादरही तेच म्हणाले. जुन्या लोकांनी जोडलेली कथा आहे. पण माणसं जोडली तर बिघडलं काय?"



हे तीन लग्नांचं पुराण त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला का ऐकवत, ते मला उशिरा कळलं. पहिला नवरा गेल्यावर मावशींनी अबुधाबीकडच्या रुवैसमधल्या रिफायनरीतल्या एका विधुराशी लग्न केलं होतं. काका देवमाणूस. पण मावशींच्या पहिल्या लग्नाच्या मुलीनं तेव्हापासून त्यांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. ती तासाभरावर, अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर राहायची. नात मावशींनी फोटोतच पाहिलेली.

जुलैत संत ॲनाचा सण असे. त्या दिवशी मावशी दोन ताटं जास्तीची वाढत. "येतील, इन्शाल्ला." संध्याकाळी ती ताटं तशीच झाकलेली दिसायची. मला फार वाईट वाटायचं.

काका निवृत्त झाले, व्हिसा संपला. वसईला परत निघताना मावशींनी तसबीर माझ्या हातात दिली. "वजन जास्त होतंय रे. लेकीला मेसेज केलाय, तुझ्याकडे ठेवलीय म्हणून."

बॅगा मीच तोलल्या होत्या. चांगली चार किलोंची सोय उरली होती. मी तसबीर घेतली.

वर्षभर संत ॲना आमच्या फ्रिजवर होती, गणपतीतसुद्धा.

यंदा जुलैत बेल वाजली. दारात मावशींचंच नाक घेऊन एक बाई उभी, सोबत पाचेक वर्षांची मुलगी.

"तसबीर न्यायला आलेय. उद्या मुंबईची फ्लाइट आहे. आईला मीच नेऊन देते."

मुलीनं घोळक्यावर बोट ठेवलं. "ममा, हू आर दीज पीपल?"

"आपलीच माणसं," बाई म्हणाली.

लिफ्टपाशी जाऊन ती पुन्हा मागे आली. "एक विचारू? काकांना शर्ट कुठल्या साइझचा लागतो?"

"बेचाळीस," मी म्हणालो. दार लावलं आणि फ्रिजवरच्या रिकाम्या जागेकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिलो.