साहेबांवरून गेलेली गाडी

कवळ्या करणाऱ्या मावशींना त्यांच्या कामाच्या खोलीत कुणी बोलताना ऐकलेलं नाही. तिथं बोलायची सोयच नाही. तोंडावर मास्क, कानाशी पॉलिशच्या मोटरची घरघर, टेबलावर प्लॅस्टरचे जबडे आणि वाटीत गुलाबी मेण. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, मावशी त्यावरून कवळी बनवतात, घासूनपुसून डबीत घालतात आणि सायकलवरून दवाखान्यात पोचवतात. कुणाच्या तोंडात मावशींचे दात आहेत, हे त्या मरेपर्यंत सांगणार नाहीत. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची कवळी त्यांनीच केली. बहीण आजही नवऱ्याच्या दातांचं कौतुक करते आणि मावशी मान डोलावतात.

पोटात साठलेलं हे सगळं बोलणं सायकलवर बाहेर पडतं. हँडलला डब्यांची पिशवी, रस्ता उताराचा, ऐकायला कुणी नाही. मग मावशी एकेका कवळीला बोलतं करतात. कवळी गवयाची असेल तर ती आलाप घेते, घरमालकाची असेल तर भाडं मागते. प्रत्येकीचा आवाज वेगळा. समोरून येणाऱ्याला वाटतं, बाई हिशेब करतेय.

या सुखात एकच खडा होता. पोस्टाच्या वळणावर रोज सकाळी एक लांबलचक निळी गाडी मागून यायची आणि आरशाने मावशींच्या कोपराला जवळजवळ नमस्कार करून जायची. गाडी सोफ्यांच्या दुकानाच्या मालकाची. एका हातात स्टीअरिंग, दुसऱ्या हातात फोन. मावशी एकदा वाहतूक पोलिसांकडे जाऊन आल्या. "पुरावा काय?" असं विचारल्यावर परत आल्या. तेव्हा त्यांच्या लेकीने, जी औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्यांच्या हेल्मेटवर छोटा कॅमेरा बसवून दिला.

"हा सगळं बघतो," लेक म्हणाली.

तो ऐकतोसुद्धा, हे सांगायचं ती विसरली.

पहिल्याच आठवड्यात गाडी आली. या वेळी नुसता नमस्कार झाला नाही. आरसा हँडलला लागला. मावशी गवतात गेल्या आणि पिशवी रस्त्यावर गेली. डब्या उघडल्या. चार कवळ्या काळ्या डांबरावर पसरल्या, सगळ्या हसऱ्या. गाडी थांबली, थोडी मागे आली, बहुधा काय झालं ते बघायला, आणि तशीच पुढे निघून गेली. त्या मागेपुढे होण्यात एका कवळीचा भुगा झाला.

मावशींना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पण संध्याकाळी लेकीने कोपराला गरजेपेक्षा दुप्पट पट्टी गुंडाळली आणि वर घट्ट गाठ मारली.

"आई, आता एक तर ती गाडी बंद, नाहीतर तुझी सायकल बंद."

"आणि कवळ्या कशा पोचवू? उडत?"

"रिक्षाने जा."

"रिक्षात बोलता येत नाही."

"कुणाशी?"

सायकल गेली तर काय जाईल, हे लेकीला समजावून सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड घेऊन वाहतूक शाखेत गेल्या.

तिथल्या हवालदारबाई कामाच्या होत्या. त्यांनी मावशींच्या समोरच गाडीच्या नंबरावरून मालक शोधला आणि त्याला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

"मावशी, तो म्हणतोय तुम्हीच फोनवर बोलत होतात. सारखं तोंड चालू होतं, तोल गेला आणि गाडीवर आलात. साक्षीदार आणतो म्हणाला."

"मी? माझा फोन तर घरी होता!"

"मग तुम्ही कुणाशी बोलत होतात?"

मावशींची दातखीळ बसली.

"काळजी नको," हवालदारबाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंगला आवाज आहे ना? त्यात समजेलच. फक्त न कापता द्यायचं. टक्कर व्हायच्या आधीची दोन मिनिटं आणि नंतरची दोन, आवाजासकट. कापलेलं कोर्टात चालत नाही."

"आवाज आहे?" मावशींनी विचारलं. त्यांनी कार्ड टेबलावरून उचललं आणि "उद्या आणते" म्हणून, घाईत सायकल तिथंच विसरून, चालत घरी आल्या. सायकल हवालदारबाईंनी नंतर पुरावा म्हणून आत ठेवून घेतली.

रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मायलेकींनी ते रेकॉर्डिंग लावलं. आधी उतारावरचं वारं. मग मावशींचा आवाज, गवयाच्या सुरात. मग मुख्याध्यापिकेच्या कवळीने सगळ्या वर्गाला उभं केलं. लेकीने तोंडावर उशी धरली.

"आई, हे तू रोज करतेस?"

"गप्प बस. पुढे ऐक."

पुढे मावशींचा आवाज एकदम जाडजूड झाला होता. "आणि हे कोण? हे आमचे वाहतूक शाखेचे मोठे साहेब! बोला साहेब. 'लायसन्स! लायसन्स दाखवा! नाहीतर चावेन!'" तेवढ्यात हॉर्न, धडपड, गवत, आभाळ, मग मागे येणारी निळी गाडी. आणि शेवटी पोस्टापर्यंत पोचलेली मावशींची किंकाळी: "अगं बाई! साहेबांवरून गाडी घातली मेल्यानं!"

लेक उशीसकट जमिनीवर बसली. हसून हसून तिला उचकी लागली. मावशी मात्र हसत नव्हत्या. भुगा झालेली कवळी वाहतूक शाखेच्या मोठ्या साहेबांचीच होती. गावात असे साहेब एकच. साहेबांनी खालचे-वरचे उरलेले दात काढून घेतले होते, सर्दीचं निमित्त करून सुट्टीही काढली होती, आणि नवे दात बसवून कुणाच्या लक्षात यायच्या आत कामावर येणार होते. हे डॉक्टरला माहीत, मावशींना माहीत. रेकॉर्डिंग दिलं की सगळ्या शाखेला माहीत. नाही दिलं की सोफेवाला सुटला, आणि सायकल गेली.

"नुसता आवाज बंद करून देऊ," लेक म्हणाली.

"मग मी फोनवर नव्हते हे कोण सांगणार? तुझी उशी?"

सकाळी मावशी थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब सुट्टी संपवून आले होते. टेबलामागे ताठ बसले होते आणि नाकापासून हनुवटीपर्यंत रुमाल धरला होता. कालपासून त्यांनी शाखेत एक शब्दही उच्चारला नव्हता. बाहेर अशी बोलवा होती की साहेब कुणावर तरी भयंकर चिडलेत आणि बदल्या होणार आहेत. त्या धाकानं एका शिपायानं कपाटसुद्धा आवरलं होतं.

मावशींनी दार लोटून घेतलं.

"साहेब, तुमची वस्तू वेळेवर आली नाही, ती माझ्यामुळे. म्हणजे माझ्या हातून गेली, पण माझ्यामुळे नाही." एवढं बोलून त्यांनी लेकीचा फोन पुढे केला. "बघा. तुम्ही नको म्हणालात तर मी हे इथंच पुसते आणि गप्प घरी जाते. माझ्या धंद्यात हे बाहेर जात नाही."

साहेब बघू लागले. गवई झाला. मुख्याध्यापिका झाली. 'नाहीतर चावेन'ला साहेबांचे कान लाल झाले. मग किंकाळी आली. साहेबांनी बटण दाबून ते परत मागे नेलं. पुन्हा किंकाळी. रुमाल हलू लागला. मावशींना वाटलं, संतापाने. रुमालाखालून एक विचित्र आवाज आला, फुग्यातली हवा सुटावी तसा, आणि साहेब खुर्चीत मागे कलले. रुमाल मांडीवर पडला. साहेब बोळक्या तोंडाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"माश्यावरून गाडी!" ते म्हणाले. म्हणजे 'माझ्यावरून'.

मावशींनाही मग राहवेना. दोघांचं हसणं ऐकून हवालदारबाई दार ढकलून आत आल्या, साहेबांचं तोंड बघून जागच्या जागी थांबल्या आणि सलाम ठोकायचा की परत जायचं हे त्यांना ठरवता येईना. साहेबांनी रुमाल परत उचलला. क्षणभर हातात धरला. मग घडी करून खिशात घातला.

"लावा," ते फोनकडे बोट दाखवून म्हणाले. "शगळ्यांना बोलवा. आवाश मोठा करा."

शाखेत त्या सकाळी काही काम झालं नाही. बदल्यांची अफवा तिथल्या तिथे मेली. साहेबांनी एवढंच केलं की तपास स्वतःकडे ठेवला नाही. नुकसान आपलंच झालंय, म्हणून तो हवालदारबाईंकडे सोपवला आणि स्वतः साक्षीदारांच्या यादीत गेले.

कोर्टात सोफेवाला वकिलासह आला. साक्षीदार आणला नव्हता. वकील म्हणाला, "बाई फोनवर बोलण्यात गुंग होत्या." हवालदारबाई म्हणाल्या, "नाही, कवळ्यांशी." न्यायाधीशांनी पुरावा लावायला सांगितला. पहिल्यांदा त्यांनी तो मान खाली घालून ऐकला. मग म्हणाले, एक मुद्दा स्पष्ट झाला नाही, परत लावा. कोणता मुद्दा ते त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी टंकलेखकाने बाहेर जाण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. साहेब साक्षीला उभे राहिले, नवी कवळी चमकवत, आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "मृत वस्तू माझी होती."

सोफेवाल्याच्या हातात फोन आहे, हे मात्र चित्रात ठसठशीत दिसत होतं. गाडी मागे घेताना तो मावशींकडे बघत नव्हता, फोनकडेच बघत होता. ते दिसल्यावर कोर्टात कुणी हसलं नाही. लायसन्स सहा महिन्यांसाठी जप्त झालं, दंड झाला, आणि कवळीचे पैसेही भरायला लागले.

बाहेर लेक सायकल घेऊन उभी होती. वाहतूक शाखेतून तिनेच ती सोडवून आणली होती आणि हवाही भरली होती.

"जा," ती म्हणाली. "पण पिशवी आता कॅरियरला बांधायची. हँडलला नाही."

"बरं."

"आणि थोडं हळू बोल."

मावशींनी सायकलवर टांग टाकली. उतार लागेपर्यंत त्यांनी लेकीचा मान ठेवला. मग घसा खाकरला आणि न्यायाधीशांचा आवाज काढून बघितला. 'एक मुद्दा स्पष्ट झाला नाही.' पहिल्याच झटक्यात जमला.