नागवेणीची माशी

शिरसीजवळच्या बाळेगद्दे गावात शरावती हेगडेला लोक ‘माश्यांची ढुंगणं बघणारी बाई’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ तिम्मप्पा आणि भावजय नागवेणी यांच्याबरोबर सुपारीच्या बागेतल्या घरात राहायची. तिळाहून बारीक माश्या वरून सगळ्या सारख्याच दिसतात; कुठली कुठल्या जातीची, हे नराच्या मागच्या टोकावरूनच ठरतं. तरुणपणी बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी “तुमचं काम नेमकं काय?” म्हणून विचारलं. तिनं खरं ते सांगितलं. मंडळी चहा अर्धा टाकून उठली.

त्या वर्षी परसातला एक बरका फणस पडून फुटला आणि तसाच कुजत राहिला. नागवेणी फावडं घेऊन गेली, तर शरावती ओरडली, “थांब! हात लावू नकोस!”

“अक्का, वास सुटलाय. जेवण जात नाही कुणाला.”

“न जाऊ दे.”

फणसावर एक कुबडी माशी उडायचं सोडून तुरुतुरु धावत होती. थबकायची, पुन्हा धावायची. शरावतीनं ती नळीत धरली आणि रात्रीचं जेवण विसरून तिचं टोक काचेवर मांडलं. ते डावीकडे वळलेलं होतं.

या कुळाचे जाणकार म्हणजे कोलकात्याचे निवृत्त प्राध्यापक दस्तिदार. तिनं त्यांना फोटो पाठवले. त्यांचा फोन आला.

“डावीकडे? काच उलटी तर ठेवली नाहीत ना?”

“नाही सर. पुन्हा पुन्हा पाहिलं.”

“मग बाई, असं ढुंगण जगात अजून कुणी पाहिलेलं नाही. पण एकट्याचं वाकडं असलं तर ते व्यंग. सगळ्यांचं वाकडं असलं तर ती जात. आणखी नर गोळा करा.”

शरावती हुंदके देऊन रडायला लागली. कोण गेलं म्हणून नागवेणी धावत आली.

तिम्मप्पाच्या पोटात ही बातमी राहिली नाही. त्यानं ती सुपारीच्या सोसायटीत सांगितली, तिथून ती शिरसीच्या वार्ताहराकडे गेली, आणि पेपरात छापून आलं : ‘बाळेगद्देत अज्ञात माशीचा उद्रेक’. पंचायतीचे अध्यक्ष दुग्गप्पा नायक घाबरले. त्यांनी धूर मारणारी गाडी बोलावली. गाडीबरोबर आरोग्य खात्याचे एक साहेब आले.

“चावते का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” शरावती म्हणाली.

“रोग पसरवते?”

“मुळीच नाही.”

“मग करते काय?”

“कुजलेल्या फणसावर राहते.”

“नवीन आहे म्हणता. याआधी कुठे होती?”

“इथंच होती.”

“म्हणजे आमच्या खात्याला न कळवता?” साहेब चमकले. “मारा रे धूर!”

शरावती फणसावर पदर पसरून आडवी झाली. तिच्यासकट सगळं धुरात न्हाऊन निघालं. ती दोन दिवस खोकत होती आणि माश्यांपैकी एकही उरली नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्याच पेपरात आलं, की बाळेगद्देचं नाव जगाच्या विज्ञानात जाता जाता राहिलं. दुग्गप्पांना शरम वाटली. ते स्वतः अंगणात येऊन उभे राहिले.

“मॅडम, चुकलं आमचं. काय करू सांगा.”

“फणस कुजवा,” शरावती म्हणाली.

पंचायतीनं दवंडी पिटली : घरटी एक फणस कुजवायचा. गाव ईर्ष्येला पेटलं. कुणाचा जास्त कुजलाय यावरून शेजाऱ्यांत भांडणं लागली. भटांच्या घरी तर मुंजीच्या मांडवातच एक ठेवला होता. एसटीचा ड्रायव्हर गावात गाडी थांबवीना. लोक पुढच्या फाट्यावर उतरून नाकाला रुमाल लावून चालत येत. शेवटी माशी सापडली ती खुद्द दुग्गप्पांच्या गोठ्यामागे. नर, माद्या, थवेच्या थवे. आणि सगळ्या नरांचं डावीकडे!

आता नाव ठेवायचं होतं. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायची रीत नाही.

“माझ्या वडिलांचं द्या,” दुग्गप्पा म्हणाले. “माशी आमच्या गोठ्यातली आहे.”

“देईन की. पण खाली वर्णन लिहावं लागतं.”

“लिहा ना. काय लिहिणार?”

शरावतीनं जसं लिहायचं तसं वाचून दाखवलं. वडिलांचं नाव, आणि त्यापुढे पार्श्वभाग आखूड, केसाळ, डावीकडे वळलेला. दुग्गप्पांचा चेहरा उतरला.

“हे जगभर जाणार?”

“कायमचं.”

“राहू द्या. वडील साधे होते.”

मग भटांनी देवाचं नाव सुचवलं आणि वर्णन ऐकताच कान धरून क्षमा मागितली. आपल्याला कुणी विचारायच्या आत तिम्मप्पा बागेत निघून गेला. शरावती ओसरीवर एकटीच बसून राहिली. एवढं करून माशी बिननावाची राहते की काय, असं तिला वाटायला लागलं.

पापडाचं पीठ मळता मळता नागवेणी म्हणाली, “माझं घाला.”

“तुला कळतंय ना खाली काय लिहिणार ते?”

“एवढे दिवस दुसरं ऐकतेय काय मी? अक्का, या घरी आल्यापासून आहेराच्या पाकिटावरसुद्धा माझं नाव कधी आलं नाही. ‘सौ. व श्री. तिम्मप्पा हेगडे’, संपलं. निदान माशीवर तरी येऊ दे. वाकडं तर वाकडं.”

शरावतीनं तिचे पिठाचे हात तसेच धरले.

छापील अंक आला तेव्हा नागवेणीनं आपलं नाव इंग्रजी अक्षरांत बोटानं चाचपलं. तिम्मप्पानं मान वाकडी करून विचारलं, “आणि मी कुठाय?”

“हा काय,” शरावतीनं माशी सापडल्याच्या ठिकाणावर बोट ठेवलं. “‘कुजका फणस, तिम्मप्पा हेगडे यांचं परस.’”

तेव्हापासून त्या घरात माशी मारायची सोय उरली नाही. ताटावर कुठलीही बसली की नागवेणी वाटी उपडी घालून ती झाकते आणि हाक मारते, “अक्का, जरा बघून जा, आपल्यातली आहे का!” शरावती भिंग घेऊन येईपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. तिम्मप्पाचा भात निवून जातो.